खलनायकाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा : राक्षसभुवनाच्या निमित्ताने राहू व शनी यांच्या कथांचा विचार

१. विषयप्रवेश

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन हे गाव वसलेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ते १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळे परिचित असते. निजामअली नदी उतरून पलीकडे गेला होता. मागे राहिलेल्या फौजेशी माधवराव पेशव्यांची गाठ पडली आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथे कामास आला. गाणपत्यांच्या परंपरेत हेच गाव विज्ञान गणेशाचे क्षेत्र असून दत्तात्रेयांनी येथे तप केल्याची कथा सांगितली जाते. परंतु मराठवाड्यातील सामान्य भाविक ज्या कारणाने राक्षसभुवनाची वाट धरतो ते कारण निराळे आहे. त्याच्या लेखी हे शनीचे स्थान आहे. साडेतीन शनिपीठांत या गावाची गणना होते आणि शनि-अमावास्येला येथे मोठी गर्दी लोटते.

ग्रामनामात राक्षस आणि देवालयात शनी, असा हा योग आहे. ज्यांचे नाव घेताच मनात भय उत्पन्न व्हावे अशा शक्ती येथे एकत्र आल्यामुळे, कथावाङ्मयातील खलपात्रांचा विचार राक्षसभुवनापासून आरंभिणे सोयीचे वाटते. प्रस्तुत लेखात राहू व शनी या दोन पात्रांची पूर्वकथा, त्यांचे सामर्थ्य आणि त्या सामर्थ्याची मर्यादा यांचा परामर्श घ्यावयाचा आहे. यांपैकी राहू हा निःसंशय असुर होय. शनी हा सूर्याचा पुत्र व ग्रहदेवता असल्यामुळे त्यास खलनायक म्हणता येणार नाही. तथापि लोकमानसाने खलनायकाचे बरेचसे काम त्याच्याकडे सोपविले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तुलनेसाठी विसाव्या शतकातील अमेरिकन चित्रकथांतील, म्हणजे कॉमिक्समधील, अतिमानवी खलनायकांचा आधार घेतला आहे. ही तुलना वरवर विजोड वाटेल. परंतु दोन्ही ठिकाणी कथाकारापुढील प्रश्न एकच असतो. ज्याचे बळ माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे अशा दुष्टाला आवर कोठून घालावयाचा?

२. चित्रकथांतील खलनायक

सन १९३८ मध्ये सुपरमॅन हे पात्र अवतरले. नायकाचे बळ अमर्याद झाल्यावर त्याच्यासमोर साधा चोर किंवा दरोडेखोर उभा करून भागेना. त्याच्या तोडीचा प्रतिपक्ष निर्माण करणे भाग पडले. सन १९४० मध्ये लेक्स लूथर व जोकर, १९४२ मध्ये टू-फेस, १९६२ मध्ये डॉक्टर डूम आणि १९६३ मध्ये मॅग्नेटो अशी ही परंपरा वाढत गेली. पुढे पात्रांची संख्या इतकी झाली की १९८० नंतरच्या दशकात मार्व्हल प्रकाशनाने त्यांचे कोशच काढले. अशा कोशांतील प्रत्येक नोंदीत पूर्ववृत्त आणि सामर्थ्य हे दोन भाग ठरलेले असतात.

या दोन भागांचा परस्परसंबंध पाहण्यासारखा आहे. टू-फेस हा मूळचा न्यायनिष्ठ सरकारी वकील. त्याच्या तोंडावर तेजाब फेकले गेल्याने अर्धा चेहरा विद्रूप झाला आणि त्याच क्षणी त्याच्या मनाचेही दोन भाग झाले. तो प्रत्येक निर्णय नाणे उडवून घेतो. नाण्याचा कौल ही त्याची दहशत. पण त्या कौलाबाहेर त्याला जाता येत नाही, हीच त्याची बेडीही. डॉक्टर डूमची पूर्वकथा १९६४ मध्ये विस्ताराने आली. आपल्या गणितात चूक आहे हे सहाध्यायाने दाखवूनही त्याने ते मानले नाही. यंत्राचा स्फोट झाला व चेहरा भाजला. त्यानंतर लोखंडी मुखवटा व चिलखत धारण करून तो सामर्थ्यवान झाला. तेव्हा त्याचे बळ व त्याचा अहंकार यांचा उगम एकाच प्रसंगात आहे. उलटपक्षी १९६० मधील एका कथेत लूथरच्या वैराचे कारण त्याचे केस गेले एवढेच दिले आहे. कारण क्षुल्लक असले की पात्रही कसे उथळ होते, याचे हे उदाहरण होय.

जोकरचे उदाहरण आणखी एका दृष्टीने बोधप्रद आहे. पहिल्याच अंकात त्याचा अंत करण्याचे योजिले होते. परंतु संपादकाने अखेरीस एक चित्र वाढवून त्याला जिवंत ठेवले. अशा रीतीने या खलनायकाला अमरत्व लाभले ते मासिकाच्या गरजेतून. पुराणांतील खलनायकाला अमरत्व कशाने लाभते हे आता पाहू.

३. राहू : पूर्वकथा व सामर्थ्य

राहूची कथा एका दिवसात सिद्ध झालेली नाही. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने वेधतो आणि अत्री ऋषी मंत्रबळाने तो सूर्य पुन्हा शोधून काढतात. येथे असुराला पूर्ववृत्त नाही, वैराचे कारण नाही, गिळणेही नाही. अथर्ववेदात राहू हे नाव सूर्याच्या संदर्भात येते. छांदोग्य उपनिषदात राहूच्या मुखातून सुटलेल्या चंद्राचा दृष्टांत आहे. म्हणजे तोपर्यंत त्याला मुख प्राप्त झाले होते. महाभारताच्या आदिपर्वात मात्र कथा पूर्ण आकाराला येते. देवाचे रूप घेऊन राहू अमृत प्राशन करू लागतो. अमृत कंठापर्यंत पोहोचले असतानाच सूर्य व चंद्र ती लबाडी उघड करतात. नारायणाचे चक्र सुटते. पर्वतशिखरासारखे मस्तक गर्जना करीत आकाशात उडते आणि धड पृथ्वीवर कोसळून ती हादरते. भागवताच्या अष्टम स्कंधात हा असुर देवांच्या सभेत जाऊन बसतो आणि शिरच्छेदानंतर ब्रह्मदेव त्या अमर मस्तकाला ग्रहपद देतो. त्याच्या मातापित्यांविषयीही एकवाक्यता नाही. सिंहिका ही माता सर्वत्र आहे. पिता मात्र कोठे कश्यप, तर कोठे विप्रचित्ती.

या कथेची बांधणी विलक्षण काटेकोर आहे. राहूला अमरत्व मिळाले ते एका घोटाने. त्याच घोटापायी त्याचे धड गेले. सूर्यचंद्रांशी त्याचे वैर आहे, कारण त्यांनीच त्याला उघडे पाडले. त्यांना गिळण्याचे बळ त्याच्यापाशी आहे, कारण मस्तक अमर आहे. पण गिळलेले राखून ठेवण्यास पोट नाही. म्हणून प्रत्येक वेळी सूर्य आणि चंद्र तुटलेल्या कंठातून बाहेर पडतात. सामर्थ्य, वैराचे कारण आणि मर्यादा ही तिन्ही एकाच प्रसंगातून उत्पन्न झाली आहेत. खलनायकाला आवरण्यासाठी कथाकाराला बाहेरून कोणी वीर आणावा लागत नाही. त्याच्या देहातच त्याचा पराभव ठरलेला आहे. टू-फेसच्या नाण्यापेक्षा ही योजना अधिक नेटकी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ही कथा गोदावरीच्या खोऱ्यात भूगोलावरही उमटली आहे. प्रवरेच्या काठी नेवासे येथे मोहिनीराजाचे देवालय असून अमृताची वाटणी तेथे झाली अशी श्रद्धा आहे. राहूचे शिर पडले ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव, असे लोक सांगतात. कायगाव प्रवरा व गोदावरी यांच्या संगमाजवळ आहे. तेथून गोदावरी पैठणवरून खाली उतरते आणि गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेने राक्षसभुवनाशी येते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर या ग्रामनामांच्या व्युत्पत्ती कितपत उतरतील हा प्रश्न वेगळा. महाभारतातील विश्वव्यापी प्रसंग या प्रदेशाने दोन-तीन दिवसांच्या पायवाटेत बसविला, ही गोष्ट मात्र लोकमानसाच्या अभ्यासकाने ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या शिवेजवळ ज्याचे धड पडले आहे, त्या खलनायकाचे भय आटोक्यात आलेले असते.

४. शनी : दृष्टीचे सामर्थ्य

शनीची पूर्वकथा निराळ्या प्रकारची आहे. सूर्याची पत्नी संज्ञा ही त्याचे तेज सहन न होऊन निघून गेली व आपल्या जागी छायेला ठेवून गेली. त्या छायेचा पुत्र शनी. छायेच्या पोटी जन्मल्यामुळे त्याचा वर्ण काळा. आकाशातील ग्रहांत डोळ्यांना दिसणारा सर्वांत मंदगती ग्रह तोच; म्हणून त्याचे नाव शनैश्चर, हळूहळू चालणारा. त्याच्या सामर्थ्याचा उलगडा ब्रह्मवैवर्त पुराणाच्या गणपतिखंडात होतो. शनी ध्यानात मग्न असताना पत्नीकडे त्याने पाहिले नाही. तिने शाप दिला की, तू ज्याच्याकडे पाहशील त्याचा नाश होईल. तेव्हापासून तो दृष्टी खाली ठेवून वावरू लागला. पार्वतीने आपले बालक पाहण्याचा आग्रह धरला. शनीने कारण सांगितले, तरी आग्रह सुटला नाही. त्याने किंचित पाहिले आणि बालकाचे मस्तक गळाले. गजाननाच्या गजमुखाची ही एक उपपत्ती होय.

येथेही तीच बांधणी दिसते. न पाहण्याचा अपराध, म्हणून पाहण्याची शिक्षा. परंतु राहूहून एक महत्त्वाचा भेद आहे. राहूला त्याची मर्यादा देहाने घातली. शनी ती स्वतः पाळतो. आपले बळ घातक आहे हे जाणून तो मान खाली घालतो. अशा पात्राला खल म्हणणे अन्यायाचे होईल.

मराठीत घरोघरी वाचल्या जाणाऱ्या शनिमाहात्म्याच्या पोथीत हा विचार आणखी पुढे नेला आहे. उज्जयिनीचा विक्रम राजा भर सभेत शनीची अवहेलना करतो आणि साडेसातीत सापडतो. परमुलखात भिंतीवरील चित्रातला हंस हार गिळतो आणि चोरीचा आळ राजावर येतो. त्याचे हातपाय तोडले जातात. अखेर तेल्याच्या घाण्यावर बसून तो दिवस काढतो. तेथेच त्याच्या गाण्याने दिवे लागतात व भाग्य पालटू लागते. कथेचा शेवट सूड घेऊन होत नाही. शनी प्रसन्न होतो, अवयव परत देतो आणि ही कथा ऐकणाऱ्यास पीडा न देण्याचे वचन देतो. पीडेला मुदत आहे आणि तीतून सुटण्याची वाट कथेतच आहे, हा या पोथीचा गाभा होय.

५. मर्यादेचा लोप

वरील विवेचनावरून असे अनुमान निघते की, पुराणकारांनी या दोन्ही पात्रांच्या हाती बळ देताना त्याचे मापही ठरवून दिले होते. राहूचे राज्य ग्रहणापुरते. गणिताने पाहिले तर खग्रास सूर्यग्रहणाची पूर्णावस्था कोणत्याही एका स्थळी साडेसात मिनिटांच्या पलीकडे फारशी जात नाही, आणि चंद्रग्रहणाची पूर्णावस्था सुमारे पावणेदोन तासांत संपते. परंतु पुढील काळात हे माप सुटत गेले.

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे आठ भाग करून त्यांतील एक भाग रोज राहूला देण्याची राहुकालाची पद्धत आहे. आता ती भिंतीवरच्या दिनदर्शिकांतही छापली जाते. म्हणजे ज्या असुराला वर्षातून काही घटका मिळत होत्या, त्याला प्रत्येक दिवसाचा आठवा हिस्सा मिळाला. विंशोत्तरी गणनेत त्याची महादशा १८ वर्षांची आहे. शनीची स्थिती अशीच. तो सूर्याभोवती सुमारे साडेएकोणतीस वर्षांत फिरतो. प्रत्येक राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. जन्मराशीच्या मागची, जन्मराशीची व पुढची अशा तीन राशी मिळून साडेसाती होते. याचा सरळ अर्थ असा की, कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना, म्हणजे राशी समप्रमाणात वाटल्या आहेत असे धरल्यास समाजाच्या चौथ्या हिश्शाला, साडेसाती चालू असते. चौथ्या व आठव्या शनीचा अडीच-अडीच वर्षांचा काळ त्यात मिळविला तर बारांपैकी पाच राशी पीडेत येतात. ज्या सामर्थ्याच्या छायेत माणसाच्या आयुष्याचे पाच-द्वादशांश जावेत, त्याला अपवाद म्हणता येत नाही. प्रत्येक कुटुंबात कोणी ना कोणी सदैव पीडित असणार, आणि घरात घडलेल्या कोणत्याही आपत्तीला कारण तयारच असणार. विवाह मोडणे, व्यवहार थांबविणे, आजाऱ्याच्या उपचाराला विलंब करणे, असे निर्णय या हिशेबावर घेतले जातात, म्हणून हा प्रश्न वाङ्मयापुरता राहत नाही.

ज्योतिर्गणितज्ञांना ही अडचण फार पूर्वी जाणवली होती. आर्यभटाने सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते, असे स्पष्ट सांगितले. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत राहू ग्रहणाचे कारण नाही हे सिद्ध केले, आणि मग लोकरूढीशी जुळवून घेताना म्हटले की, ग्रहणाच्या वेळी दिलेल्या दानाचा व होमाचा अंश राहूला मिळावा असा ब्रह्मदेवाचा वर आहे. सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने राहू न मानणाऱ्यांवरच टीका केली. तिचा समाचार घेताना अकराव्या शतकात अल्बेरुनीने, एवढ्या मोठ्या गणितज्ञाने असे का लिहावे, असा विस्मय व्यक्त केला. गणिताने राहूचे उच्चाटन केले नाही. त्याला एका छेदबिंदूचे नाव देऊन ठेवले. चंद्राची कक्षा व क्रांतिवृत्त जेथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू व केतू. ते सुमारे १८.६ वर्षांत उलट्या दिशेने एक फेरी पूर्ण करतात. २२ जानेवारी १८९८ रोजी पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. मराठी मुलखाच्या भूमीवर राहूचे बळ त्या दिवशी उपकरणांनी मोजले गेले. गावोगावच्या रूढीत मात्र त्यामुळे फरक पडला नाही.

६. खलनायकाच्या कुळाचे ओझे

वराहमिहिराने नमूद केलेल्या त्या वराचा पुढील इतिहास गावगाड्यात सापडतो. ग्रहण लागले की ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी महाराष्ट्रात घुमत असे. हे दान मागण्याचे काम अस्पृश्य मानलेल्या जातींकडे, विशेषतः मांगांकडे, असे. शास्त्रग्रंथांत जो अंश राहूचा होता, तो गावात त्यांच्या झोळीत पडू लागला. वरकरणी हा हक्क होता. परंतु ग्रहणकाळी जे अशुभ टाकावयाचे ते ज्याने घ्यावयाचे, तो माणूस हळूहळू त्या अशुभाचाच प्रतिनिधी समजला जातो. खलनायकाची पूर्वकथा अशा रीतीने जिवंत माणसांच्या माथी मारली गेली. चित्रकथेतील खलनायकाचे कूळ कोणते हा प्रश्न वाचकाच्या कुतूहलापुरता असतो. आपल्याकडे त्याच प्रश्नाच्या उत्तरावर कोणाला गावात कोठे राहावयाचे हे ठरले.

या संदर्भात राक्षस या शब्दाचाही विचार केला पाहिजे. राहू हा असुर, राक्षस नव्हे. ग्रंथांत हे वर्ग वेगळे आहेत, लोकभाषेत ते एक झाले. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात या शब्दाची एक कथा आहे. ब्रह्मदेवाने जल उत्पन्न करून त्याच्या रक्षणासाठी प्राणी निर्माण केले. त्यांपैकी ‘आम्ही रक्षण करू’ असे जे म्हणाले ते राक्षस झाले. जलाचा रक्षक तो राक्षस, हा अर्थ गोदावरीच्या काठच्या राक्षसभुवनाला लावून पाहण्याचा मोह होतो. ग्रामनामाचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग करता येणार नाही, हे मात्र स्पष्ट आहे. खलत्व हे शब्दाच्या मुळाशी नसून कथेतील पक्षपातातून येते, एवढे त्यावरून दिसते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त बळीराजा व वामन यांच्या कथेची हीच बाजू उलगडून दाखविली. पुराणांत जो जिंकावयाचा शत्रू, तोच कुणब्याच्या घरी ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ या मागण्यातला न्यायी राजा. पुढे १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून आलेल्या फँटमला मराठीत वेताळ हे नाव मिळाले. भुतांच्या अधिपतीचे नाव नायकाला देताना कोणाला संकोच वाटला नाही, कारण गावाच्या वेशीवरचा वेताळ हा आधीपासूनच राखणदार होता.

७. समारोप

चित्रकथांतील आणि पुराणांतील खलनायक यांच्या तुलनेतून दोन गोष्टी हाती येतात. पहिली ही की, उत्तम खलपात्राचे सामर्थ्य व त्याची मर्यादा एकाच जखमेतून उत्पन्न होतात. राहूचा तुटलेला कंठ आणि शनीची खाली झुकलेली दृष्टी ही त्याची आपल्या वाङ्मयातील श्रेष्ठ उदाहरणे होत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चित्रकथेतील खलनायक कागदावर राहतो आणि अंक मिटला की त्याचे राज्य संपते. राहू व शनी कथेबाहेर आले. पंचांगात, लग्नाच्या बैठकीत आणि गावाच्या रचनेत शिरले. बाहेर येताना त्यांनी आपले सामर्थ्य बरोबर आणले आणि मर्यादा मात्र पोथीतच राहिली. भय वाढले ते या अर्धवट स्मरणामुळे.

अभ्यासकाचे काम येथेच आहे. गेवराई तालुक्यात व गोदाकाठच्या इतर गावांत शनिमाहात्म्याच्या वाचनाचे प्रघात, ग्रहणाच्या वेळच्या जुन्या आरोळ्या व दानाच्या पद्धती, राक्षस-असुरांची नावे धारण करणारी स्थळे आणि त्यांच्या कथा यांचे पद्धतशीर संकलन होणे अगत्याचे आहे. ज्या वृद्धांच्या स्मरणात या गोष्टी आहेत त्यांची संख्या दिवसेंदिवस घटत आहे. संकलन करताना प्रत्येक कथेत सामर्थ्याबरोबर सांगितलेली मर्यादा आवर्जून टिपून घ्यावी. राहूने गिळलेला सूर्य पुन्हा बाहेर येतो, आणि शनीची पीडा साडेसात वर्षांनी सरते, हे या कथांचेच सांगणे आहे. भयाने दबलेल्या माणसापर्यंत ते पोहोचविण्याची जबाबदारी ज्यांनी मूळ ग्रंथ वाचले आहेत त्यांच्यावर येते.